अशोकाच्या महानसांतील तीन प्राणी

मांस वर्ज्य करून वनस्पतिजन्य अन्नावर राहावें, असा आग्रह सांप्रत तीन कारणांसाठीं धरला जातो : शरीराचें आरोग्य, प्राण्यांवरील दया, आणि पृथ्वीच्या हवामानाचें रक्षण. या वादांत उभय पक्ष प्राचीन भारताची साक्ष काढतात. एक पक्ष म्हणतो कीं, अशोकानें राजाज्ञेनें सर्व देश निर्मांस केला. दुसरा म्हणतो कीं, ज्या राजाच्या स्वतःच्या पाकशाळेंत मोर शिजत होते त्याच्या अहिंसेचें कौतुक ते काय करावें ? साक्षीदार एकच, आणि त्याच्या मुखीं दोन परस्परविरुद्ध विधानें घातलीं जातात. सुदैवानें या साक्षीदाराचें म्हणणें भूर्जपत्रावर अथवा नकलनविसाच्या लेखणींत राहिलेलें नसून दगडावर कोरलेलें आहे. १८३७ सालीं जेम्स प्रिन्सेप यानें ब्राह्मी लिपि उलगडल्यापासून तें वाचतां येत आहे. तेव्हां या शासनांत आहाराविषयीं नेमकें काय सांगितलें आहे व काय सांगितलेलें नाहीं, याचा क्रमानें विचार करावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

(१) पहिलें शिलाशासन

गिरनार, कालसी, शाहबाजगढी, मानसेहरा, धौली, जौगड इत्यादि ठिकाणीं आढळणाऱ्या चौदा शासनांच्या मालिकेंत आरंभींच आहाराचा विषय येतो. त्याचा आशय असा : येथें कोणताहि जीव मारून त्याचा होम करूं नये व समाज भरवूं नये. कांहीं समाज मात्र राजास मान्य आहेत. पूर्वीं राजाच्या महानसांत सूपासाठीं प्रतिदिनीं अनेक लक्ष प्राणी मारले जात. हा लेख लिहिला जात असतां तीनच मारले जातात, दोन मोर व एक मृग, आणि मृग तर नित्य मारला जात नाहीं. हे तीन प्राणीहि पुढें मारले जाणार नाहींत.

‘अनेक लक्ष’ ही संख्या अक्षरशः घेण्याचें कारण नाहीं. ती पूर्वींच्या अवस्थेचें बाहुल्य दाखविणारी आहे. आरंभींच्या ‘येथें’ या पदाचा अर्थ पाटलिपुत्र अथवा राजवाडा, कीं सर्व साम्राज्य, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. परंतु महानसासंबंधींच्या भागास हा वाद लागू पडत नाहीं. कारण तेथें राजा आपल्या स्वतःच्या घराविषयींच बोलत आहे. प्रजेनें काय खावें याचा त्या भागांत शब्दहि नाहीं.

मुख्य लक्ष द्यावें तें तीन काळांकडे. पूर्वीं काय होतें, आज काय आहे व पुढें काय होईल, हे तीन काळ या लहानशा लेखांत निरनिराळे ठेवलेले आहेत. प्रशस्तिकाराच्या हातीं हा मजकूर पडता, तर त्यानें मधली पायरी गाळून ‘राजानें मांस सोडलें’ एवढेंच कोरलें असतें. येथें तसें केलेलें नाहीं. व्रत अपुरें असतांच त्याची नोंद झाली आहे, आणि उरलेल्या न्यूनाची संख्या व जाति दोन्ही दिलेलीं आहेत. मोर शिजत होते हें ज्या लेखावरून आज टीकाकारास समजतें, तो लेख राजानें स्वतःच साम्राज्याच्या दूरदूरच्या सीमांवर कोरविला होता. ज्यानें आपला दोष आपणच शिलेवर लिहिला त्यास दांभिक म्हणणें युक्त होणार नाहीं.

(२) शासनांची संगति

दुसऱ्या शासनांत दोन प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था सांगितली आहे, मनुष्यांची व पशूंची. मनुष्यांस व पशूंस उपयोगीं अशा ओषधि, मुळें व फळें जेथें नव्हतीं तेथें आणून लावविलीं, आणि मार्गांवर विहिरी खणून वृक्ष लावले, तेहि पशु व मनुष्य या दोहोंच्या उपभोगासाठीं. पहिल्या शासनांत प्राणिवधाचा संकोच व त्यालगत दुसऱ्यांत वनस्पतींची लागवड, ही संगति ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आठव्या शासनांत पूर्वींच्या राजांच्या विहारयात्रांचा, म्हणजे मृगया व तत्सदृश करमणुकींचा, उल्लेख आहे. अभिषेकास १० वर्षें झाल्यावर अशोक संबोधीस गेला व तेव्हांपासून विहारयात्रेच्या जागीं धर्मयात्रा सुरू झाली, असें तो सांगतो. महाराष्ट्रांतील संशोधकांस या शासनाविषयीं विशेष ममत्व वाटावें. कारण १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांस सोपारें येथें जो शिलाखंड मिळाला, तो याच आठव्या शासनाचा अंश होय. पुढें १९५६ सालीं तेथून जवळच भुईगांव येथें नवव्या शासनाचा खंड सांपडला. कोंकणच्या बंदरांत उतरणाऱ्या व्यापाऱ्याच्या दृष्टीस, राजानें मृगया सोडली ही वार्ता अशा रीतीनें शिलेवर पडत होती.

साम्राज्याच्या दुसऱ्या टोंकास, कंदाहार येथें, १९५८ सालीं ग्रीक व अरमाईक अशा दोन भाषांतील लेख उपलब्ध झाला. त्यांत राजा प्राणिवधापासून निवृत्त झाला असून इतर लोकहि झाले आहेत, आणि राजाचे व्याध व कोळी यांनीं आपला उद्योग सोडला आहे, असें म्हटलें आहे. येथेंहि निर्देश आहे तो राजाच्या पदरच्या शिकाऱ्यांचा. पाकशाळा, मृगया व पदरचे कोळी, या तिन्ही गोष्टी राजाच्या घरच्या आहेत. आरंभ घरापासून झाला, ही गोष्ट परस्परांपासून दूरच्या लेखांनीं अशी दृढ होते.

(३) पांचवें स्तंभशासन

अभिषेकास २६ वर्षें झाल्यावरचें पांचवें स्तंभशासन मात्र प्रजेस उद्देशून आहे. त्यांत अवध्य प्राण्यांची लांब यादी दिली आहे. पोपट, साळुंकी, चक्रवाक, हंस, वटवाघूळ, श्वेत कपोत व ग्रामकपोत हे सहज ओळखूं येतात. ‘गेलाट’, ‘वेदवेयक’, ‘ओकपिंड’ इत्यादि नांवांचा अर्थ अद्याप वादग्रस्त आहे. जे चतुष्पाद उपयोगांत येत नाहींत व खाल्ले जात नाहींत ते सर्व अवध्य. शेळी, मेंढी व डुकरीण या गाभण किंवा दूध पाजणाऱ्या असतां अवध्य, आणि त्यांचीं सहा महिन्यांच्या आंतील पिलेंहि अवध्य. कोंबड्यांस खच्ची करूं नये. जिवांसकट भूस जाळूं नये. निष्कारण किंवा हिंसेसाठीं अरण्यास आग लावूं नये. जिवानें जिवाचें पोषण करूं नये. तीन चातुर्मासींच्या व तिष्य नक्षत्राच्या पौर्णिमांस ठरलेले तीन तीन दिवस, आणि उपोसथाच्या दिवशीं, मासे मारूं नयेत व विकूं नयेत.

ही यादी वाचतांना तिच्या सीमा दृष्टीआड होऊं देऊं नयेत. जें खाल्लें जात नाहीं तेंच प्रायः पूर्णपणें अवध्य ठरविलें आहे. जें खाल्लें जातें त्याविषयीं गर्भिणी, दुभती व कोंवळें पिलूं एवढाच अपवाद आहे. मत्स्यवधास नियत दिवशींच बंदी आहे. ज्या मोराचा उल्लेख पहिल्या शिलाशासनांत आला तो या यादींत नाहीं. तात्पर्य, मांसाहाराची सार्वत्रिक बंदी या शासनांत कोठेंहि नाहीं. राजाज्ञेनें देश निर्मांस झाला, हा पक्ष मूळ लेखावर टिकत नाहीं.

भूस व अरण्य न जाळण्याच्या आज्ञांविषयीं एक सावधगिरी बाळगिली पाहिजे. शेतांतील पेंढा जाळल्यानें उत्तर हिंदुस्थानांत हिंवाळ्याच्या तोंडीं होणारा धुराचा उपद्रव पाहून, अशोकास हवेच्या शुद्धतेची चिंता होती असें कोणी लिहील. लेखांत तसें नाहीं. तेथें भुसांत वसणाऱ्या जिवांची चिंता आहे. आजचा हेतु प्राचीन लेखाच्या पदरीं बांधण्यानें लेखाचें महत्त्व वाढत नाहीं. उलट वाचकाचा विश्वास मात्र कमी होतो. दोन भिन्न हेतूंनीं निघालेले मार्ग एकाच आचाराशीं येऊन मिळतात, एवढें म्हटलें तरी पुरे आहे.

(४) पूर्वपरंपरा व देवटेकची शिळा

हे नियम अशोकानें सर्वस्वीं नवे निर्मिले असेंहि दिसत नाहीं. १९०९ सालीं शामशास्त्री यांनीं प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत सूनाध्यक्षाचें प्रकरण आहे. त्यांत वत्स, वृषभ व धेनु अवध्य असून त्यांस मारणाऱ्यास ५० पणांचा दंड सांगितला आहे. त्याच ग्रंथाच्या तेराव्या अधिकरणांत, जिंकलेल्या देशांत शांतता कशी करावी हें सांगतांना, चातुर्मास्यांत अर्धमास, पौर्णिमांस चार रात्रीं व राजाच्या आणि देशाच्या नक्षत्रावर एक रात्र अवध पाळावा, माद्या व पिलें यांचा वध आणि नरांचें पुंस्त्व नष्ट करणें यांस बंदी करावी, असें विधान आहे. या ग्रंथाचा काळ कांहीं पंडित मौर्यांच्या पुष्कळ नंतरचा मानतात. तथापि स्तंभशासनाशीं असलेलें साम्य पाहतां, दिवस मोजून हिंसेस मर्यादा घालण्याची राजनीति व्यापक होती असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

या नीतीचा एक पुरावा विदर्भांतहि आहे. चंद्रपूर जिल्ह्यांतील देवटेक येथील शिळेवर दोन लेख आहेत. त्यांपैकीं जुना लेख प्राचीन ब्राह्मी लिपींत असून, महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं लाविलेल्या अर्थाप्रमाणें, त्यांत चिकंबरी या स्थळीं प्राण्यांस पकडण्यास व मारण्यास मनाई करणारी कोणा स्वामीची आज्ञा आहे. पुढें इसवी सनाच्या चौथ्या शतकांत वाकाटक नृपति पहिला रुद्रसेन यानें त्याच शिळेवर आपल्या धर्मस्थानाचा लेख कोरविला, आणि त्यासाठीं जुन्या लेखाचा कांहीं भाग छिलून टाकण्यांत आला. एका काळीं प्राण्यांच्या अभयासाठीं उभी केलेली शिळा दुसऱ्या काळीं केवळ कोरण्याजोगा दगड ठरली. आज्ञेचें आयुष्य किती असतें याचें याहून बोलकें उदाहरण क्वचितच मिळेल.

(५) नियम व निझति

आज्ञेची ही दुर्बलता अशोकास स्वतःस कळून चुकली होती. दिल्ली-टोपरा स्तंभावरच असलेलें सातवें शासन अभिषेकास २७ वर्षें झाल्यावरचें, म्हणजे अवध्यांची यादी कोरल्यानंतरच्या वर्षींचें आहे. त्यांत तो आपल्या सर्व कार्याचा आढावा घेतो व म्हणतो कीं, मनुष्यांत धर्मवृद्धि दोन उपायांनीं झाली, नियमानें व निझतीनें. निझति म्हणजे विचारपूर्वक मनास पटणें. या दोहोंत नियम लघु, निझतीच अधिक, असा त्याचा निर्णय आहे. नियमाचें उदाहरण म्हणून तो अमुक अमुक प्राणी अवध्य केल्याचाच उल्लेख करतो, आणि प्राण्यांची अहिंसा खरी वाढली ती निझतीनें, असें सांगतो. ज्यानें यादी कोरविली त्यानेंच, यादीचें काम थोडें, असें पुढच्याच वर्षीं कोरविलें. अशोकाच्या आहारविषयक शासनांचें सार या वाक्यांत आहे, आणि वादांतील दोन्ही पक्ष नेमकें तेंच सोडून देतात.

या निर्णयाची प्रचीति पुढील इतिहासांत येते. पश्चिम चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा मानसोल्लास शके १०५१ मधील. त्याच्या अन्नभोगप्रकरणांत डाळी, भाज्या व पक्वान्नें यांच्याबरोबर नाना प्रकारच्या मांसांचें पाककौशल्य मोठ्या रसिकतेनें वर्णिलें आहे. अशोकानंतर सुमारें चौदाशें वर्षांनीं दक्षिणेंतील एका विद्वान् राजाच्या महानसाची ही स्थिति होती. नियम गेला होता. तथापि दिवस मोजण्याची रीति मात्र निरनिराळ्या धर्मांच्या लोकांत पुनः पुनः प्रकट होते. जहांगीर बादशहानें गुरुवारीं व रविवारीं पशुवध बंद ठेविला होता, आणि महाराष्ट्रांतील असंख्य मांसाहारी कुटुंबें आजहि श्रावणांत मांस व मासळी वर्ज्य करतात. श्रावणाच्या या आचारामागें कोणाचें राजशासन नाहीं. हा आचार अशोकापासून आला असें म्हणणें साहसाचें होईल; परंतु दंडाच्या भयाशिवाय तो टिकला आहे, आणि दंडानें रक्षिलेली देवटेकची आज्ञा टिकली नाहीं, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

अर्वाचीन काळांतील याचें प्रसिद्ध उदाहरण गांधींचें होय. १८८८ सालीं विलायतेस जातांना त्यांनीं मातेपाशीं मांस न खाण्याची प्रतिज्ञा केली होती. ती त्यांनीं पाळली. परंतु सर्व हिंदी लोकांनीं मांस खावें असेंच त्या वेळीं त्यांस वाटत होतें, असें त्यांनीं आत्मकथेंत प्रांजळपणें सांगितलें आहे. लंडन येथें हेन्री सॉल्ट यांचें अन्नाहारविषयक पुस्तक वाचल्यावर त्यांचें मत पालटलें, आणि बंधनानें पाळलेलें व्रत स्वेच्छेचें झालें. प्रतिज्ञा हा नियम, आणि वाचनानें झालेला पालट ही निझति. अशोकाच्या शब्दांस याहून सुबोध भाष्य शोधण्याची आवश्यकता नाहीं.

(६) आरोग्याचा हेतु : वैद्यकाची साक्ष

आतां आरोग्याचा पक्ष घेऊं. आयुर्वेदानें मांस निषिद्ध केलें, असें वारंवार लिहिलें जातें. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील सत्ताविसाव्या अध्यायांत आहारद्रव्यांचे बारा वर्ग केले आहेत. शूकधान्य, शमीधान्य, शाक, फल यांबरोबर मांस हाहि एक वर्ग आहे, आणि त्याचे गुणदोष इतर वर्गांप्रमाणेंच तटस्थपणें सांगितले आहेत. शमीधान्यांत मूग श्रेष्ठ व उडीद कनिष्ठ, शाकांत जीवंती श्रेष्ठ व मोहरीची भाजी कनिष्ठ, तसेंच पक्ष्यांच्या मांसांत लावा श्रेष्ठ, असा निर्णय पंचविसाव्या अध्यायांत आहे. पांचव्या अध्यायांत नित्य सेवन करण्याच्या पदार्थांत साठेसाळी, साळी, मूग, सैंधव, आंवळा, यव, पावसाचें पाणी, दूध, तूप व मध यांबरोबर जांगल मांसहि गणलें आहे. या गणनेंत वनस्पतिजन्य द्रव्यांचें प्राधान्य उघड आहे, पण मांसाचा निषेध नाहीं. आपल्या प्राचीन ग्रंथांत मांसनिवृत्तीचा आधार वैद्यकांत नसून धर्मांत आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत यज्ञीय मांसाची अनुज्ञा व मांसनिवृत्तीची स्तुति शेजारीं शेजारीं आढळतात, आणि अनुमति देणारा, तुकडे करणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजविणारा, वाढणारा व खाणारा हे सर्वच घातक होत, असें त्यांत म्हटलें आहे. खरेदीदारापर्यंत उत्तरदायित्व पोंचविणारी ही विचारसरणी दयेची आहे, पथ्याची नाहीं.

आजच्या वैद्यकाचा पुरावा निराळा असून तो स्वतंत्रपणेंच तपासला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २०१५ सालीं, मीठ, धूर इत्यादींनीं टिकविलेलें मांस मनुष्यास कर्ककारक आणि तांबडें मांस बहुधा कर्ककारक, असें वर्गीकरण केलें. त्याचबरोबर दूध व अंडींहि वर्ज्य करणाऱ्यास ब-१२ हें जीवनसत्त्व बाहेरून घ्यावें लागतें, हेंहि सर्वमान्य आहे. ज्यास चरकाचें प्रमाण हवें त्यानें चरकाचें संपूर्ण प्रकरण वाचावें. ज्यास आजचें प्रमाण हवें त्यानें आजचे संपूर्ण निष्कर्ष घ्यावेत.

(७) हवामानाचा हेतु

तिसरा हेतु मात्र सर्वस्वीं आपल्या काळाचा आहे, आणि त्यास प्राचीन आधार शोधण्याचें प्रयोजन नाहीं. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पचनक्रियेंत मिथेन वायु उत्पन्न होतो, व तो पृथ्वीची उष्णता वाढवितो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें २०१३ सालच्या अहवालांत, मनुष्यकृत उष्णतावर्धक वायूंपैकीं १४.५ टक्के पशुपालनामुळें होतात असा अंदाज दिला. २०२३ सालच्या अहवालांत तो सुमारें १२ टक्के आहे. २०१८ सालीं पूर व नेमेचेक यांनीं प्रसिद्ध केलेल्या गणनेप्रमाणें, चराऊ कुरणें धरून जगांतील शेतजमिनीपैकीं सुमारें ८३ टक्के जमीन मांस, मासळी, अंडीं व दूध यांकडे लागते, आणि त्यांपासून मनुष्यास उष्मांकांपैकीं १८ टक्के व प्रथिनांपैकीं ३७ टक्के मिळतात.

येथें आपल्याकडील शाकाहारी वाचकासहि थोडें थांबावें लागेल. मिथेन वायु खाटकाच्या गाईम्हशींपासून होतो तसाच गवळ्याच्या गाईम्हशींपासूनहि होतो, आणि दुधाच्या उत्पादनांत भारत आज जगांत पहिला आहे. शाकाहार व वनस्पत्याहार हे एक नव्हेत. दूधहि वर्ज्य करणारांनीं १९४४ सालीं इंग्लंडांत स्वतंत्र संस्था काढली ती याच भेदामुळें. परंपरेनें निर्मांस असलेल्या घरानें या तिसऱ्या हेतूच्या हिशेबांत आपली बाजू कोरी आहे असें समजूं नये. महानसांतील तीन प्राणी ज्याच्या त्यानें मोजावयाचे आहेत.

(८) उपसंहार

सारांश, अशोकाच्या शासनांवरून चार गोष्टी निश्चित होतात. त्यानें आरंभ स्वतःच्या घरापासून केला. अपूर्ण व्रताचा हिशेब त्यानें न लपवितां दिला. प्रजेस त्यानें सार्वत्रिक बंदी न घालतां मोजकी मर्यादा घातली. आणि शेवटीं, मर्यादेपेक्षां मनास पटणें अधिक, असा निर्णय नोंदविला. वनस्पत्याहाराचा पुरस्कार करणारास या चार गोष्टी पुरेशा आहेत; न घडलेल्या सार्वभौम अहिंसेची त्यांत भर घालण्याची त्यास गरज नाहीं.

संग्राहकांस शेवटीं एक विनंति. जुन्या घराण्यांच्या दफ्तरांत सनदा व पत्रें यांजबरोबर कोठीचे जमाखर्च, मुदपाकखान्याच्या यादी, व्रतवैकल्यांच्या व ब्राह्मणभोजनाच्या खर्चाचे कागद येतात. राजकीय मजकूर नाहीं म्हणून ते रद्दींत जातात. कोणत्या महिन्यांत किती नाचणी, वरी, राळा, हरीक उठला, किती तूप लागलें, बकरीं किती आलीं व कोणत्या दिवशीं आलीं नाहींत, हें त्याच कागदांवरून कळेल. पूर्वजांनीं काय खावें म्हणून सांगितलें तें पोथ्यांत आहे; काय खाल्लें तें या रुमालांत आहे. एका सम्राटानें आपल्या पाकशाळेचा हिशेब शिलेवर कोरविला म्हणून बावीसशें वर्षांनंतर आपण त्याविषयीं प्रमाणानें बोलूं शकतों. आपल्या घराण्यांचे तसले हिशेब कागदावर आहेत, आणि कागदास वाळवी लागते.